बाजूचा पट्टा

जितेंद्रने वरणाची वाटी सरकवली आणि मोबाइल बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

“गुरुवारी कुठं गेल्ते, बाबा?”

“कळमन्याले. संत्र्याचा भाव पाहाले,” रुपराव म्हणाले.

पडद्यावरच्या नकाशात गाडीची निळी रेघ कळमन्याकडे वळलीच नव्हती. ती सरळ खाप्याला, कन्हान नदीच्या काठापर्यंत गेली होती. गाडी घेताना शोरूममधल्या मुलीने हे सगळं जितेंद्रच्या मोबाइलवर चालू करून दिलं होतं, चोरीची भीती नको म्हणून. चोर काही आला नाही, घरच्याच माणसाची खबर मात्र बसल्याजागी मिळू लागली.

नकाशाखालची ओळ अधिक वाईट होती. चालकाशेजारच्या सीटचा पट्टा लावलेला. या गुरुवारी, मागच्या गुरुवारीही.

आईला जाऊन अजून सहा महिनेही झाले नव्हते. जितेंद्रला धड रडूही आलं नव्हतं. मिहानच्या ऑफिसात दिवस काढायचा, घरी येऊन जेवायचा, झोपायचा. आता बाबांचा राग यायला हवा होता, तोही येईना. बायको, काजल, तेवढी सकाळी म्हणाली होती, लोकांकडून कळण्यापेक्षा तुम्हीच विचारून घ्या.

“गाडीत बाजूले कोण बसते?” त्याने विचारलं.

रुपरावांनी हातातला घास खाली ठेवला.

“तुले कोणं सांगतलं?”

“गाडीनं.”

ते मोबाइलकडे बघत राहिले. पोळी वाढायला आलेली काजल तशीच मागे फिरली.

“गाडी चुगली करते, हे मालूम नव्हतं मले,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. “चाल. जाऊन येऊ.”

बाहेर दुपारचं ऊन होतं. जितेंद्रने सवयीने पुढचं दार उघडलं.

“तिथं नको,” रुपराव म्हणाले. “मागं बस.”

सीटवर तांब्याचा छोटा कलश होता. तोंडाला लाल कापड, आणि पोटावरून पट्टा नीट ओढून लावलेला. कापडाची गाठ जितेंद्रने ओळखली, ती त्यानेच मारली होती. आईच्या अर्ध्या अस्थी खाप्याला कन्हानमध्ये सोडल्या होत्या. उरलेल्या प्रयागला न्यायच्या म्हणून अंगणातल्या कडुनिंबाला टांगल्या होत्या, कारण अस्थी घरात आणत नाहीत. पुढे एकदा बाबा म्हणाले, चंद्रभानमामा प्रयागला घेऊन गेले. कोणी अधिक विचारलं नाही.

जितेंद्रने दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसला.

“घरात आणता येत नाही,” रुपराव आरशात न बघता म्हणाले. “गाडीत ठेवू नये, असं कोणी सांगतलं नाही.”

“आन् पट्टा काहून लावता?”

“ब्रेक मारला का कलंडते.”

गाडी फाटकाबाहेर पडली. ते सावकाश चालवत होते, खड्डा दिसला की आणखी सावकाश. जितेंद्र समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. खिशातला मोबाइल थरथरला, त्याने तो काढला नाही.

“हे अजून कोणाले कळते?” रुपरावांनी विचारलं.

“कंपनीले.”

“त्याइले काय वाटत असन?”

जितेंद्रने थोडा विचार केला.

“कोण हाये ते नाही समजत त्याइले. कोणीतरी बाजूले बसलं हाये, एवढंच समजते.”

रुपरावांनी मान हलवली.

“मंग बरोबर हाये त्याइचं.”