न खर्चलेली तरतूद

माझी नात दहा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिला दोन्ही कानांना यंत्र लागतं. यंत्र बंद पडलं की भिंगरीही बंद पडते. वर्गात मागच्या बाकावर जाऊन खिडकीबाहेर बघत बसते. पालिकेच्या दवाखान्यात जिन्याखाली एक छोटी खोली आहे. तिथे यंत्रकाका मुलांची कानाची यंत्रं फुकट दुरुस्त करतात. महिन्यातून एकदा तरी आमची तिथे फेरी असतेच.

"आत वाळू कशी गेली गं?" त्या दिवशी भिंगाखाली यंत्र धरून काकांनी विचारलं.

"मी नाही घातली. तीच गेली."

"बरोबर. वाळूला पाय फुटले असतील."

पण काकांचं हसू नेहमीसारखं नव्हतं. दारावर नोटीस लागली होती: येत्या आर्थिक वर्षापासून हा कक्ष बंद, दुरुस्तीसाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जावं. तिथे जायला बसने तीन तास, आणि यंत्र परत मिळायला महिना. महिनाभर भिंगरी खिडकीबाहेर बघत बसणार.

"असं कोण ठरवतं, आजोबा?"

मी पालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. म्हटलं, "चल, वाचूनच बघू."

अर्थसंकल्पाचं पुस्तक हरकतींसाठी पंधरा दिवस पालिकेत ठेवतात. ते जाड असतं म्हणून लोक त्याला घाबरतात. मी तिला सांगितलं, प्रत्येक ओळीत तीनच आकडे बघायचे. गेल्या वर्षी किती द्यायचे ठरले, त्यातले खरंच किती खर्च झाले, आणि पुढच्या वर्षी किती देणार. तिने बोट फिरवत काकांची ओळ शोधली. सुटे भाग: ठरले दोन लाख, खर्च अकराशे. पुढच्या वर्षाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

"म्हणजे काकांनी पैसे वाचवले!" ती एवढ्या जोरात ओरडली की समोरचा शिपाई दचकला. "मग बक्षीस द्यायचं सोडून खोलीच बंद?"

खर्च नाही, त्याअर्थी गरज नाही, हा नियम मीच वर्षानुवर्षं नव्या कारकुनांना शिकवला होता. नियम खोटा नाही. पुष्कळ खाती गरजेच्या दुप्पट मागून ठेवतात. पण खर्च कमी होण्याचं दुसरंही कारण असू शकतं, ते मी शिकवायचं राहिलं होतं.

आम्ही परत जिन्याखाली गेलो.

"अहो, लोकांचा पैसा तो," काका म्हणाले. "मोठ्या रुग्णालयातून भंगारात निघालेली यंत्रं मागून आणतो. एकाचं झाकण दुसऱ्याला, दुसऱ्याची नळी तिसऱ्याला. चालतंय तोवर नवं कशाला मागवायचं?"

"आणि दुरुस्त्यांची नोंद?"

"पोरं रांगेत असताना लिहीत बसू?" मग त्यांनी खालचा खण ओढला. "हे आहे बघा. काय बदललंत म्हणून आईबाप विचारतात, म्हणून काढलेला भाग ठेवतो."

खणात कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर मुलाचं नाव आणि तारीख. भिंगरी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दोन दुपारी बसून मोजल्या: वर्षभरात तीनशे शहाऐंशी. तेवढे भाग नवे घेतले असते तर बाजारभावाने एक लाख ऐंशी हजार झाले असते. मी तसं लिहून हरकत दाखल केली.

सुनावणीला लेखा अधिकारी होत्या. एकेकाळी त्या माझ्याच हाताखाली लागल्या होत्या.

"साहेब, हा नियम तुमचाच," त्या हसून म्हणाल्या.

"माझाच. अर्धा शिकवला, ती चूकही माझीच."

त्यांनी पुड्या उघडून पाहिल्या, यादी दोनदा वाचली. "पटलं मला. भंगार दरवर्षी मिळेलच असं नाही, तरतूद पूर्ण ठेवावी लागेल. पण अंथरूण तेवढंच आहे, साहेब. इकडे ओढलं की तिकडचे पाय उघडे. कुठून काढू, तुम्हीच सांगा." आणि पुस्तक आमच्यापुढे सरकवलं.

"रस्त्यांमधून!" भिंगरी म्हणाली.

"कुठल्या? तुझ्या शाळेसमोर खड्डे आहेत, तो?"

"मग दिव्यांतून."

"कुणाच्या गल्लीतले विझवू?"

मी पान उलटलं आणि माझीच नजर एका ओळीवर अडकली. बागेतल्या बाकांवर छप्पर: एक लाख नव्वद हजार. आम्ही तिघे म्हातारे, मी, निवृत्त पोस्टमन आणि शिंपी, रोज त्या बाकांवर बसतो. तीन वर्षं अर्ज करून छपराची ही तरतूद मिळवली होती. अर्ज माझ्याच अक्षरातले. गेल्या उन्हाळ्यात तिथेच उन्हाने पोस्टमनला भोवळ आली होती.

"उद्यापर्यंत वेळ दे," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "हे माझ्या एकट्याचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी छपराचे पैसे काकांच्या खोलीला द्यायचा संमतीचा कागद मी लिहून नेला आणि बाकावर सगळं सांगितलं. पोस्टमन ताडकन उठला.

"वा रे शहाण्या! नातीसाठी आमच्या डोक्यावरचं छप्पर विकतोस होय?"

"नातीसाठीच," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण पुड्या तीनशे शहाऐंशी आहेत. नात एकच आहे."

शिंपी इतका वेळ आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याचं कानाचं यंत्र दोन वर्षं कपाटात पडून होतं, नीट करायला पैसे कोण घालणार म्हणून. मी मोठ्याने सगळं पुन्हा सांगितलं.

"मोठ्या माणसांचं करतो का तो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. विचारावं लागेल."

"आण तो कागद." त्याने सही केली आणि पेन पोस्टमनपुढे धरलं.

पोस्टमनने ते घेतलं नाही. आमच्याकडे पाठ करून बागेच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मग कागद ओढून सही ठोकली. "पुढच्या वर्षी छपराचा अर्ज पुन्हा. आणि तो मी लिहिणार, तुझ्यावर विश्वास नाही."

अधिकाऱ्यांनी छपराचे पैसे काकांच्या ओळीत लिहिले. त्यानंतर चार दिवस पोस्टमन माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी डोक्याला ओला रुमाल बांधून बाकावर येऊन बसला, शिंप्याच्या कानाशी उन्हाच्या नावाने ओरडला, आणि काकांनी दुरुस्त केलेलं यंत्र कानात घातलेल्या शिंप्याने त्याला सांगितलं, "ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."