भीमाचार्यांचा हातगुण

स्मृतीने दोन्ही पाय रोवले, दोरीची मूठ घट्ट धरली आणि सगळा जोर लावून ओढली. इंजिन नुसतं खाकरलं आणि गप्प झालं. तिने चोक आत-बाहेर केला, पुन्हा ओढली. या वेळी ते खाकरलंही नाही. चाचणीच्या बंद चेंबरमध्ये मुद्दाम राखलेली उणे तीस अंश थंडी होती, तिच्या पापण्यांवर बर्फ धरायला लागला होता आणि काचेपलीकडे प्रणीत हात पसरून "काय झालं?" असं खुणेने विचारत होता. काय झालं ते कळलं असतं तर ती आत कशाला कुडकुडत बसली असती!

बाहेर येऊन तिने जाड कोट काढला. बाहेर ऑक्टोबरातलं व्हाइटफील्ड होतं, पावसाने पार दमट झालेलं. बर्फावर धावणारी ही गाडी, स्नोमोबाइल, उत्तरेकडच्या एका कंपनीने त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. का होत नाही ते यांनी शोधायचं. बर्फ जेमतेम फ्रीजमध्ये पाहिलेल्या माणसांवर हे काम कुणी सोपवलं, हा प्रश्न पुण्याच्या स्मृतीला आणि नागपूरच्या प्रणीतला रोज पडे.

नेहमीचे उपाय सगळे करून झाले होते. प्लग बदलले, पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. तरी एखाद्या दिवशी इंजिन दुसऱ्या झटक्याला धडधडे आणि बाकीचे दिवस मेल्यासारखं पडून राही. गाडी तीच, पेट्रोल तेच, थंडीही तेवढीच. स्मृतीचं डोकं चालेनासं झालं होतं.

"एक गंमत सांगू?" चहा घेताना प्रणीत म्हणाला. "अण्णा रजेवर असले की गाडी सुरू होते. मागच्या एकादशीला बघ. त्याआधी ते लग्नाला गेले होते, तेव्हाही. अण्णा, तुमचा हातगुण भारी आहे हं!"

अण्णा म्हणजे भीमाचार्य, प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडे स्थायिक, राहायला बनशंकरीला. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली, की स्मृतीला सुरुवातीला निम्मं कळतच नसे. त्यांचा हातगुण मात्र खरोखर नावाजलेला होता. गल्लीत कुणी नवी स्कूटर घेतली की पहिली किक अण्णांनी मारायची, नव्या घरात दूध उतू घालवायचं तर चूल अण्णांनी पेटवायची, हे ठरलेलंच होतं.

"असेल, असेल," अण्णा म्हणाले आणि पान्हे पुसत राहिले. त्यांना हसू आलं नव्हतं.

स्मृतीने तेव्हा प्रणीतला उडवून लावलं, पण घरी गेल्यावर ते तिच्या डोक्यातून जाईना. थट्टा खरी, पण हिशेब बरोबर लागत होता. हातगुणावर तिचा विश्वास नव्हता आणि दुसरं कारणही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्जापूर रोड तुंबायच्या आत ती निघाली आणि कुणी यायच्या आधी ऑफिसात पोचली.

कुणी म्हणजे अण्णा सोडून. चेंबरबाहेरच्या बोळात ट्रॉलीवर गाडी उभी होती. तिच्या हुडावर ताजं कुंकू, वर एक शेवंतीचं फूल. समोर अण्णा अनवाणी उभे राहून उदबत्ती ओवाळत होते. गाडीच्या अंगाला दरदरून पाणी सुटलं होतं, आणि ओवाळून झाल्यावर अण्णांनी ते पंच्याने टिपायला घेतलं, न्हाऊ घातलेलं पोर पुसावं तसं.

"आत उदबत्ती लावली की अलार्म बोंबलतो, अक्का," ते ओशाळून म्हणाले. "म्हणून स्वल्प वेळ बाहेर घेतो. पूजा केल्याशिवाय यंत्राला हात कसा लावायचा?"

"रोज करता?"

"मी असलो की रोज. तुम्ही मुलं तसल्या थंडीत आत जाता. देवाला सांगून ठेवायला नको?"

हुडावरचं कुंकू सगळ्यांनीच पाहिलं होतं. ते तिथे कधी आणि कसं लागतं, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. यंत्र म्हटलं की कुंकू असायचंच. स्मृतीला सगळं एकदम उमगलं. रात्रभर चेंबरमध्ये गारठलेल्या गाडीला दमट हवा लागून बाहेरून पाणी सुटत होतं, तसं ते कार्ब्युरेटरच्या आतही सुटत असणार. गाडी परत आत नेली की त्याचा बर्फ होत होता. बाहेरचं पाणी अण्णा पुसत होते. आतलं कोण पुसणार?

तिला खरं तर उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण तिला वाईट वाटलं. जन्मभर देवाचं केलेल्या माणसाला, तुमच्या पूजेने गाडी बंद पडते, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

"अण्णा," ती म्हणाली, "उद्यापासून चाचणीआधी चेंबर उघडायचं नाही, असं कंपनीने कळवलंय."

"सरी, नाही उघडत," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंजिन लगेच सुरू झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही. प्रणीत कोटासकट नाचला. काय केलंस, असं त्याने विचारलं तेव्हा नवा प्लग बसवला, असं स्मृतीने ठोकून दिलं. अण्णा काचेपलीकडे हात मागे बांधून उभे होते. साप मेला आणि काठीही तुटली नाही, म्हणून ती स्वतःवर खूश होती.

दुपारी अण्णा तिच्या टेबलाशी आले.

"अक्का, ह्या कामातनं माझं नाव काढायला सांगा."

"का हो?"

"दोन दिवस मी हात लावलो नाही, गाडी सुरू झाली." त्यांनी उजवा तळवा पुढे धरून पाहिला. "प्रणीत सार थट्टा केले, ठाऊक आहे मला. पण खोटं काय बोलले? ह्या हाताला यश होतं पूर्वी. आता गेलं."

"अहो, काहीतरीच काय!"

"मुलीला, विमलाला, फोन करून सांगितलो आत्ताच. दसऱ्याला नातीचा अक्षराभ्यास आहे. तिचा हात धरून पाटीवर पहिला 'श्री' मी काढायचा होता. नको म्हटलो. दुसऱ्या कुणाला बोलवा. लेकराच्या विद्येला हा हात नको."

स्मृतीला स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या घावापासून ती त्यांना वाचवत होती, त्याहून मोठा घाव तिनेच घातला होता. मग मात्र तिने काही लपवलं नाही. दमट हवा, पाणी, आत धरलेला बर्फ, सगळं सांगितलं. गाडी बाहेर येते ती पूजेसाठी, हेही सांगितलं. सांगताना तिने मान वर केली नाही.

अण्णा गोंधळून ऐकत होते.

"म्हणजे हाताचं काही नाही?"

"काही नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगता तुम्ही. कंपनीने कळवलं म्हणालात, ते तरी कुठे खरं होतं?"

अण्णा टेबलावर वाकले.

"देवाची शपथ घेऊन सांगा, अक्का. पूजेनंच बिघडत होतं ना?"

पुणं सोडल्यापासून स्मृतीने देवाला हात जोडले नव्हते. तिने गळ्याला हात लावला.

"देवाशपथ, अण्णा. पूजेनंच."

अण्णांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग विमलाला लावायला खिशातून फोन काढला.

"देव पावला," ते म्हणाले.