शहाण्णव टक्के

पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सोमवारी होती, आज गुरुवार, आणि एकशे सतरा नंबरच्या ओळीत वकीलबाईंना आपलीच चूक सापडली.

वकीलबाई म्हणजे या घरची थोरली लेक. लहानपणापासून शब्दाला शब्द लावायची म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, ते चौतिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. वकिली तिने कधी केली नाही. सहा वर्षं खपून प्रबंध लिहिला. विषय असा, की कंपनीच्या संचालक मंडळात मालकाच्या गोतावळ्याबाहेरचे, स्वतंत्र म्हणवणारे जे संचालक असतात, ते बैठकीत खरंच तोंड उघडतात का, आणि उघडलं तर कंपनी काही नवं करून दाखवते का. चाळीस कंपन्या आणि त्यांच्या दोनशे चाळीस बैठकांची इतिवृत्तं. एकेक वाचायचं आणि गुण द्यायचे. सगळे माना डोलावून उठले तर एक, कोणी खरोखर विरोधात उभं राहिलं तर पाच.

आता गुण देणं म्हणजे ज्याची त्याची समज. म्हणून या कामात नियम असा, की तेच कागद दुसऱ्या कोणीतरी पहिल्याचे गुण न बघता वाचायचे, आणि मग दोघांचं किती जुळतं ते काढायचं. सरांनी, म्हणजे तिच्या गाइडनी, बजावून ठेवलं होतं, की जुळणी ऐंशी टक्क्यांच्या खाली आली तर प्रबंध माझ्या टेबलावर आणू नकोस. तिची आली शहाण्णव. सरांनी तो आकडा दोन परिषदांमध्ये मिरवला. एका कॉलेजने तिला नेमणुकीचं पत्रसुद्धा देऊन टाकलं. अट एवढीच, की महिनाअखेर पदवी हातात हवी.

तर एकशे सतरा. सोमवारच्या सादरीकरणासाठी ती एखादं झकास उदाहरण शोधत होती आणि समोर आलं तीन ओळींचं इतिवृत्त. अध्यक्ष आजारी, बैठक तहकूब. गुण पाच. आजारी माणसाने अंथरुणातून विरोध केला की काय, असं म्हणून ती हसली. मग खाली पाहिलं आणि हसू मावळलं. कागदावरचे गुण संगणकात चढवताना तिची एक ओळ सुटली होती. तिथून पुढचे सगळे गुण एकेक ओळ वर सरकले होते, आणि एकशे एकतीसला एक गुण दोनदा चढल्यामुळे गाडी आपोआप रुळावर आली होती. वाईट झालं खरं, पण निस्तरता आलं असतं. पंधरा ओळींनी काही निकाल फिरत नव्हता.

ती दुरुस्त करायला लागली आणि नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे दुसऱ्या वाचकाचे गुण होते. तेही एकशे सतरापासून एकशे एकतीसपर्यंत तस्सेच सरकलेले.

पडद्यावर बोट ठेवून तिने एकेक ओळ पुन्हा पाहिली. अहो, दोन माणसांना एकाच दगडाची, एकाच पायाला, एकाच बोटाला ठेच लागेल का? ती खुर्चीतून उठली. कारण दुसरा वाचक म्हणजे तिचे बाबा.

हे ऐकून कोणीही कपाळाला हात लावेल, आणि लावावाच. मेव्हण्याला स्वतंत्र संचालक म्हणून बसवणाऱ्या मालकांना जिने तीस पानं झोडपलं, तिने स्वतंत्र वाचक म्हणून बसवला कोण, तर सख्खा बाप. तिचीही अडचण होती म्हणा. आधीचा सहायक काम अर्ध्यावर टाकून परगावी गेला, आणि बाबा एकतीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून हीच इतिवृत्तं लिहून निवृत्त झालेले. सर म्हणाले, यापेक्षा जाणता वाचक कुठे मिळणार. प्रबंधात शब्द पडले, 'या क्षेत्रातील एक अनुभवी वाचक'. नातं लिहिलं नाही. सरांनी विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

बाबा गॅलरीत इस्त्रीची वायर बदलत बसले होते. आई मावशीकडे गेल्यामुळे घरात दोघंच.

"बाबा, तुम्ही माझे गुण बघून लिहिलेत?"

त्यांचा हात थांबला. ते नाही म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता.

"कुठे सापडलं?" त्यांनी विचारलं.

"एकशे सतरा."

"हं, ते आजारी अध्यक्ष. मला तेव्हाच ते पाच खटकले होते. पण म्हटलं, तुझं काहीतरी कारण असेल."

ती खाली लादीवरच बसली. "पण का बाबा?"

"पहिले तीस मी माझ्या मनाने लिहिले होते. आठवतंय? त्रेपन्न टक्के जुळले. तू दोन दिवस धड जेवली नाहीस. सर फोनवर काय काय बोलले तेही मला इथे ऐकू येत होतं. मग म्हटलं, त्या तीससकट सगळं जुळवून टाकू." ते वायरीकडे बघतच बोलत होते. "जन्मभर दुसरं काय केलं मी? आत माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, आणि मी बाहेर येऊन लिहायचो, सविस्तर चर्चा झाली. दहा गुण मात्र मुद्दाम वेगळे ठेवले. सगळंच जुळलं असतं तर कोणालाही संशय आला असता."

तिला त्यांचा भयंकर राग आला. आणि बापाला असलं काम करावंसं वाटेल इतकं तोंड पाडून घरभर फिरणाऱ्या स्वतःचाही आला.

"सहा वर्षं गेली माझी," ती म्हणाली. "सहा वर्षं, बाबा."

ते उठले, आत गेले आणि कपाटातून एक वही घेऊन आले. "ही घे. माझे खरे गुण. सगळेच्या सगळे वाचलेत, कामचुकारपणा केलेला नाही." कच्चं टिपण कधी फाडायचं नाही, ही सेक्रेटरीची खोड.

ती वही घेऊन बसली. जुळणी निघाली चौपन्न. पण त्याहून वाईट पुढे होतं.

"हे बघा, इथे संचालकाने तीव्र आक्षेप नोंदवलाय. मी पाच दिलेत आणि तुम्ही एक?"

"तीव्र आक्षेप कागदावर येतो, कारण तो यावा असं मालकालाच वाटत असतं. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला बरा. त्याचा मजकूर आदल्या दिवशी टाइप होऊन माझ्याकडे यायचा."

"आणि इथे? विषय पुढील बैठकीत घ्यावा, एवढंच आहे. याला पाच?"

"ज्याला खरंच नको असायचं तो भांडायचा नाही. तो म्हणायचा, घाई काय आहे, पुढच्या वेळी बघू. तेव्हा मालकाचा चेहरा असा उतरायचा ना! मी समोर बसून पाहिलाय."

विरोध म्हणून तिने जे मोजलं होतं ते नाटक होतं, आणि खरा विरोध तिने होयबांच्या खात्यात टाकला होता. प्रश्न आता पंधरा ओळींचा राहिला नव्हता. अख्ख्या प्रबंधाखालची जमीन सरकली होती, आणि सोमवारला चार दिवस होते.

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि काही हातचं न राखता सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी उठून दार लावलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"बाबांना."

"म्हणजे कोणालाच नाही," सर म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मायेने बोलत होते. "पंधरा ओळी दुरुस्त कर, बाकीच्याला हात लावू नकोस. परिषदांमध्ये वाचलेल्या शोधनिबंधावर माझंही नाव आहे. पदवी घे, नोकरीला लाग, मग आयुष्यभर हवं ते संशोधन कर. एक वाजता परीक्षकांकडे अंतिम फाइल जाते, तोवर दे."

घरी येईपर्यंत तिचं मन शंभरदा इकडून तिकडे झालं. नोकरी गेली तर पुन्हा तासिकेवर शिकवायचं, पुन्हा कोणाच्या तरी सहीसाठी दारात उभं राहायचं. साडेअकराला तिने संगणक उघडला आणि परीक्षकांना पत्र लिहायला घेतलं, सरांना प्रत ठेवून. 'दुसऱ्या वाचनात काही तांत्रिक त्रुटी आढळून आल्यामुळे सोमवारची परीक्षा पुढे ढकलण्यात यावी, ही विनंती.' बाबांना तिने ते वाचायला दिलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "फर्मास लिहिलंयस," ते म्हणाले. "मी लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं." मग म्हणाले, "म्हणून हे पाठवू नकोस. ऊठ जरा."

तिच्या खुर्चीत बसून ते दोन बोटांनी टाइप करू लागले. एकेक अक्षर शोधत. 'दुसरे वाचक माझे वडील आहेत. त्यांनी माझे गुण पाहून आपले गुण लिहिले. खरी जुळणी चौपन्न टक्के आहे. त्यांची मूळ वही सोबत जोडली आहे.' खाली, दुसरा वाचक म्हणून, त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा टाकला.

"बाबा, तुमच्याकडे लोक कसे बघतील?"

"बघू देत. केलंय मी."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," ते म्हणाले. समजूत वगैरे काढली नाही. एवढंच केलं, की खुर्ची रिकामी करून दिली.

वहीच्या पानांचे फोटो जोडून तिने बारा चाळीसला पत्र पाठवलं. पाठवल्याबरोबर परत घ्यावंसं वाटलं. आता ते घेता येत नव्हतं.

चार मिनिटांत फोन वाजला. सर. तिचा हात पुढे होईना. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा बाबांनी उचलला.

"नमस्कार सर. मी तिचा बाप बोलतोय."

पलीकडून सर बोलत राहिले. सगळे शब्द कळत नव्हते, पण चढलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. मध्येच कॉलेजचं नाव आलं, मग 'अजूनही वेळ आहे', मग 'ते पत्र चुकून गेलं म्हणून कळवा'. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. दर दोन वाक्यांनी मान डोलवायची त्यांची जुनी सवय, ती आपोआप चालू होती. वकीलबाई त्यांच्या मानेकडे बघत राहिली.

मग ती मान थांबली.

"नाही सर," बाबा म्हणाले. "मला हे मान्य नाही."

चौतीस वर्षांत तिने त्यांना हे कोणालाच म्हणताना ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.