कार्डावरची मंजुषा

तीन वर्षांपूर्वी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून आलेल्या पत्राला मालोजीरावांनी उत्तरच दिलं नव्हतं. 'पत्नीचं खरं नाव कळवा,' एवढंच त्यात विचारलं होतं.

लग्नात त्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मंजुषा' लिहिलं आणि पलटणीत परतल्यावर फॉर्मातही तेच भरलं. सरलाबाईंनी मात्र माहेरचं नाव सोडलं नाही. मंजुषा कागदावरच राहिली. बर्फातल्या चौकीवर ते पुस्तक वाचायचे, तेव्हा मनातली ती शेजारी बसून ऐकायची. अजूनही दुपारच्या डुलकीत सुदामा नगरच्या घराच्या गॅलरीत यायची. तिला खोडायला त्यांचा हात धजत नव्हता.

आज फौजी दवाखान्यातून सरलाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख न घेताच परतल्या.

"दवाखान्याच्या कार्डावर मंजुषा आहे, उनको बुलाओ म्हणे! आता तिचेच डोळे तपासा."

मालोजीराव ओशाळले. "तुला राग आला?"

"अहो, पन्नास वर्षं सवतीबरोबर संसार केला मी. आता दिसू तरी द्या मला!"

त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं, 'पत्नीचं नाव सरला. पहिल्यापासून हेच.' पाकीट टपालपेटीत टाकलं, तेव्हा आत कुणी हलकेच पान उलटल्यासारखं त्यांना वाटलं.