पीक नव्हे, छाटणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, ते माझ्या पंख्याचा आवाज ऐकून कुणीही सांगेल. बटण दाबले की मी आधी घसा खाकरतो, मग बराच वेळ घुमतो आणि मग कुठे माझा पडदा उजळतो. पण उजळतो खरा! त्याबद्दल मला ज्यांचे आभार मानायचे आहेत, त्यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलेही नाही. ज्यांना पाहिले, त्यांची गोष्ट सांगतो.

मी काही मोठ्या कारखान्यातून चकचकीत खोक्यात बसून आलो नाही. एका अरुंद दुकानात, एका माणसाने सुटे भाग जुळवून मला उभे केले. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा. पत्र्याची कड लागून त्याचे बोट कापले, तेव्हा बोट तोंडात घालून तो म्हणाला, "याने रक्त चाखलंय. हा टिकणार बघा." समोर स्टुलावर बसलेले गिऱ्हाईक हसले. तेच माझे मालक.

मालक पेशाने लिफ्ट दुरुस्त करणारे. लिफ्टचे यंत्र इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत असते. त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा तरी ते कुठल्या ना कुठल्या गच्चीवर पोचत. सगळ्या इमारतींचे रखवालदार त्यांना 'गच्चीवाले' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. काम संपले, हाताचे ग्रीस पुसून झाले, की ते पिशवीतून कॅमेरा काढत. पाण्याच्या टाक्या, वाऱ्याने फुगलेल्या चादरी, तारेवरचे कावळे, समोरच्या गच्चीवर केस वाळवत बसलेली एखादी म्हातारी. कुणी सांगितले नव्हते, कुणी पैसे देत नव्हते. हौसेला मोल नाही म्हणतात, ते हेच.

हे सगळे फोटो संध्याकाळी माझ्या पोटात यायचे आणि रविवारी सकाळी माझ्यापुढे दरबार भरायचा. न्यायाधीश अक्का. अक्का म्हणजे गच्चीवाल्यांची थोरली बहीण. शाळेत आयुष्यभर भाषा शिकवलेली, धाकट्या भावालाही बोट धरून अक्षरे गिरवायला लावलेली. गच्चीवाल्यांची बायको लवकर गेली, तेव्हा त्यांच्या लेकीला अक्कांनीच वाढवले. आता लेक नोकरीला लागली होती. घरात माणसे ही एवढी तीन.

अक्का चष्मा नाकावर सरकवून एकेक फोटो तपासायच्या. "क्षितिज वाकडं आहे, माणसं घसरून पडतील." "हा कावळा मधोमध कशाला बसवलास? वर्गशिक्षक आहे का तो?" त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द वर्षातून दोनदा निघाला तरी गच्चीवाले आठवडाभर शीळ घालत फिरत.

फोटो नीटनेटके करायला माझ्यात एक सॉफ्टवेअर होते. विकतचे, नावाजलेले. त्यातले सगळे शब्द इंग्रजी. गच्चीवाल्यांचे इंग्रजी बेताचेच, पण त्यांनी जागा पाठ केल्या होत्या. वरून तिसरे, मग डावीकडून दुसरे. उजेड-सावलीचा पहिला धडा त्यांनी त्याच्यावरच गिरवला, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण एके वर्षी त्याची नवी आवृत्ती आली आणि माझ्या पडद्यावर पाटी झळकली : हा संगणक या आवृत्तीसाठी पुरेसा नाही. जुन्या आवृत्तीची मुदत संपली होती, तीही उघडेना. मूळ फोटो माझ्याकडे सुखरूप होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षे केलेली कारागिरी मात्र त्या सॉफ्टवेअरच्या पोटात कुलूपबंद झाली.

"बाबा, नवीन संगणक घेऊ या," लेक म्हणाली. "याच्यात आता काय राहिलंय?"

"बघू," गच्चीवाले म्हणाले. पुरेसा नाही, हे शब्द मी कितीतरी दिवस चघळत होतो.

त्याच वर्षी अक्कांच्या नजरेच्या मधोमध एक डाग आला. डॉक्टरांनी सांगितले, कडेचे दिसत राहील, समोरचे जाईल, आणि गेलेले परत येणार नाही. पुस्तके आधी सुटली, मग वर्तमानपत्र. अक्का कुणापाशी काही बोलल्या नाहीत. रविवारी मात्र सवयीने माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि प्रत्येक फोटोला म्हणायच्या, "छान आहे."

गच्चीवाले पहिल्या दिवशी सुखावले. दुसऱ्या रविवारी अक्कांकडे वळून वळून बघू लागले. तिसऱ्या रविवारी त्यांचे बोट चुकून भलतीकडे पडले आणि फोटो बंदच झाला. माझ्यावर नुसता निळा, रिकामा पडदा. अक्कांनी मान किंचित हलवली.

"छान आहे रे."

गच्चीवाल्यांनी मला बंद केले. त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात गेला. लेकीने धूळ नको म्हणून माझ्यावर जुनी चादर घातली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, कपड्यांवर छत्री आली. मित्रांनो, मी आठ महिने टेबल होतो. अंधारात पडल्या पडल्या मी घरातले आवाज ऐकायचो. अक्कांची खुर्ची हलल्याचा आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला.

मग एके दिवशी एका इमारतीची लिफ्ट अडकली. तळमजल्यावर झेरॉक्सचे आणि पासपोर्ट फोटोचे दुकान होते. लिफ्ट सुरू करून गच्चीवाले हात धुवायला तिथे गेले, तर दुकानातल्या बाई माझ्याहून जुन्या संगणकावर एका बाळाचा फोटो झरझर नीट करत होत्या. हे सगळे गच्चीवाल्यांनी घरी येऊन अक्कांना सांगितले, म्हणून मला कळले.

"हे कुठलं सॉफ्टवेअर, बाई?"

"मुक्त आहे. उतरवून घ्यायचं आणि वापरायचं. पैसे नाहीत."

"फुकट? मग काहीतरी मेख असणार."

"मेख कसली? जगभरातल्या माणसांनी आपापल्या वेळात बनवलंय. आतलं सगळं उघडं आहे. कुणीही बघावं, मोडलं असेल तर दुरुस्त करावं."

हे शेवटचे वाक्य गच्चीवाल्यांच्या मनात बरोबर बसले. लिफ्टच्या यंत्राशेजारच्या विजेच्या पेटीचे दार उघडले की आतल्या बाजूला सगळ्या तारांचा नकाशा चिकटवलेला असतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याला कळावे म्हणून. ज्या यंत्राचे दार उघडत नाही, त्याच्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

त्या रविवारी माझ्यावरची छत्री उतरली, कपडे उतरले, चादर उतरली. मी घसा खाकरला. ते सॉफ्टवेअर माझ्यात उतरायला लागले, तेव्हा 'पुरेसा नाही' अशी पाटी आता येते की मग येते म्हणून मी धास्तावलो होतो. आली नाही. त्याने माझे वय विचारले नाही, ऐपत विचारली नाही. आले आणि घरच्यासारखे राहिले.

पण सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते, हेही सांगायला हवे. पाठ केलेल्या सगळ्या जागा निरुपयोगी. गच्चीवाले एक करायला जायचे आणि दुसरेच व्हायचे. फोटो उलटा व्हायचा, आकाश हिरवे व्हायचे. "म्हातारपणी नवी शाळा!" असे पुटपुटत ते दोनदा उठून गेले आणि दोनदा परत येऊन बसले. एक गंमत मात्र होती. कुणीतरी या सॉफ्टवेअरमधले बरेचसे शब्द आपल्या भाषेत लिहून ठेवले होते. कुठे सुबक, कुठे अडखळत. आणि एका बटणावर लिहिले होते : पीक.

"पीक?" गच्चीवाले चक्रावले. "अक्का, फोटोत पीक कसलं काढायचं?"

अक्का आतल्या खोलीत होत्या. "काय?"

"बटणावर 'पीक' लिहिलंय. दाबलं की फोटोच्या कडा कापल्या जातात."

मग आतून असा काही हसण्याचा आवाज आला की लेक स्वयंपाकघरातून धावत आली. अक्का भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"अरे, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, 'क्रॉप'! शेतातलं उभं पीकही तेच आणि कडा छाटणंही तेच. भाषांतर करणाऱ्याने डिक्शनरी उघडली आणि पहिला दिसला तो शब्द उचलला. सातवीतली मुलं हेच करायची."

"मग काय हवं होतं?"

"छाटणी," अक्का ताबडतोब म्हणाल्या आणि रिकामी खुर्ची चाचपून माझ्यासमोर बसल्या. कित्येक महिन्यांनी.

गच्चीवाल्यांना त्या खुर्चीतून अक्कांना उठू द्यायचे नव्हते. त्यांनी एका टाकीचा फोटो उघडला. आकाशातला करडा रंग काढून टाकला, उजेड होता तिथे पांढरे केले, सावली होती तिथे कुळकुळीत काळे. बारीकसारीक सगळे पुसले आणि उरले ते पडदाभर मोठे केले. ही हातोटी एका दिवसात आली नाही. चार-पाच रविवार गेले. एरवी हौशी फोटोवाले ज्याला बिघडवणे म्हणतील, ते सगळे गच्चीवाले जाणूनबुजून करत होते. जमले नाही की मध्येच झेरॉक्सवाल्या बाईंना फोन लावायचे, आणि त्याही गिऱ्हाईक थांबवून सांगायच्या.

मग एका सकाळी अक्कांनी मान तिरकी केली. समोरचे दिसत नव्हते, म्हणून त्या डोळ्याच्या कडेने बघायला शिकल्या होत्या. नाक माझ्या काचेला टेकेल इतक्या जवळ आल्या.

"हे काळं… टाकी आहे."

"हो."

"टाकीवर काहीतरी बसलंय. पक्षी?"

"कावळा."

"तो का डाव्या कडेला चिकटवलास? बिचाऱ्याला बघायला जागा तरी ठेव! आणि टाकी एका बाजूला कललेली आहे. वाकडीच आहे ना, की माझे डोळे वाकडे?"

"वाकडीच आहे, अक्का," गच्चीवाले म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. तहान त्यांना लागली नव्हती, एवढे मला कळत होते.

त्या दिवसापासून दरबार पुन्हा सुरू झाला. कॅमेरा कपाटातून बाहेर आला. गच्चीवाले आता फोटो काढतानाच अक्कांना काय दिसेल याचा विचार करत : भर उन्हातली शिडी, पांढऱ्या भिंतीवरची सावली. लेकीने माझी पेटी उघडून मऊ ब्रशने आतली धूळ झाडली, नवी मेमरी बसवली आणि म्हणाली, "चुकलं बरं का माझं." हे ती मला म्हणाली की बाबांना, मला माहीत नाही. मी माझ्याकडे घेतले.

आणि 'पीक'? अक्कांना ते खुपत राहिले. झेरॉक्सवाल्या बाईंनी सांगितले की शब्दांची यादीही उघडीच असते, चूक कळवता येते. मग गच्चीवाल्यांनी एकेका बोटाने टंकले, अक्कांनी शुद्धलेखन सांगितले, आणि पत्र गेले. अकरा दिवसांनी उत्तर आले. लिहिणारा कोण, कुठला, काही ठाऊक नाही. "तुमचा शब्द घेतला. मनापासून आभार. आणखी काही खटकलं तर कळवा."

"खटकलं तर?" अक्का ताठ बसल्या. "सगळी यादी पाठवा म्हणावं!"

यादी आली. रोज दुपारी लिफ्टच्या कामातून जेवायला घरी आले की गच्चीवाले वीस शब्द वाचायचे. इंग्रजी उच्चार जमला नाही तर एकेक अक्षर सांगायचे. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. डाग घालवण्याच्या बटणावर कुणीतरी 'उपचार' असे लिहिले होते. "फोटो आजारी पडलाय का? 'डाग बुजवा' लिही." एखादा शब्द अडला तर दोन-दोन दिवस अडायचा. मग भांडी घासता घासता अक्का मध्येच ओरडायच्या, "सापडला!" वाचता येईनासे झालेली माणसे शब्दांपासून दूर जातात असे मला वाटायचे. तसे नसते.

पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली, तेव्हा ती माझ्यात अक्कांचेच शब्द घेऊन आली. पडदा उघडला आणि गच्चीवाल्यांनी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. अक्कांनी तीन चुका काढल्या. त्यातल्या दोन त्यांच्याच होत्या.

नंतर एक पत्र आले. लिहिणारा सुतार होता. "मला इंग्रजी येत नाही. मी खुर्च्या बनवतो आणि त्यांचे फोटो आता माझे मीच नीट करतो. ज्यांनी हे शब्द लिहिले त्यांना नमस्कार." सोबत एका खुर्चीचा फोटो होता. अक्कांनी पत्र दोनदा वाचायला लावले. गच्चीवाल्यांनी फोटोतला करडा रंग काढला, लाकूड काळे केले, भिंत पांढरी केली आणि खुर्ची पडदाभर मोठी केली. अक्कांनी मान तिरकी केली. मग माझ्या काचेवर हात ठेवला, अगदी खुर्चीच्या पाठीवर.

"बसावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी फार दिवसांचा सोबती नाही. माझी हार्ड डिस्क आता कुरकुर करते. पण मन भरलेले आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी चादरीखाली पडला असेल, तर भंगारात देण्यापूर्वी एकदा त्याची धूळ झाडून पाहा. घरात कुणाला कमी दिसत असेल, तर त्याला दिसेल असे काहीतरी करून दाखवा, आणि त्याने चुका काढल्या तर काढू द्या. आणि एखादी चांगली वस्तू विनामोल हाती आली, तर ती कुणीतरी आपल्या फुरसतीच्या वेळात बसून घडवलेली असते. त्या माणसाला एक शब्द जरूर कळवा. आभाराचा असो, नाहीतर दुरुस्तीचा.