धुक्यातला शंख

आमची पवनचक्की डोंगराच्या अगदी माथ्यावर. वाऱ्याला बरी, माणसांना वाईट. खालच्या गावातून गाढवावर मका लादून वर यायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, आणि द्राक्षांच्या दिवसांत सकाळी धुकं उतरलं की स्वतःच्या गाढवाचे कानही दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडचे चक्कीवाले धुक्यात शंख वाजवतात. खालचा माणूस ओ देतो, चक्कीवाला पुन्हा वाजवतो, आणि असं करत करत गिऱ्हाईक दारात येतं. माझा नवरा बेल्शियोर बाकी सगळ्या कामांत आळशी, पण शंखाला कधी चुकला नाही.

त्या वर्षी फ्रेंच पुन्हा आमच्या पोर्तुगालात घुसले. त्यांना अडवायला आमची आणि इंग्रजांची फौज डोंगरावर येऊन बसली. बसली म्हणजे माथ्याच्या मागच्या उतारावर आडवी झाली. खालून पाहणाऱ्याला वाटावं, वर चिटपाखरूही नाही. तोफा तर थेट माझ्या खुराड्यामागे आणून ठेवल्या. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, त्याचं कोणालाच काही नव्हतं.

सार्जंट अनाक्लेतो दारात येऊन उभा राहिला. आमच्याच मुलखातला, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"बाई, इथून निघताना चक्क्या जाळायचा हुकूम आहे. फ्रेंचांना पीठ मिळता कामा नये."

"आधी मला जाळा, मग चक्की."

"असं म्हणणारी तुम्ही पहिली नाही," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या मक्याच्या भाकरीकडे गेलं. भाकरी आणि दोन खारे मासे पोटात गेल्यावर माणूस जरा मवाळ झाला. "बरं, ऐका. उद्या इथून हूं का चूं ऐकू येता कामा नये. चक्कीच्या पात्यांवरची शिडं गुंडाळून ठेवा. गप्प राहिलात तर कर्नलसाहेबांकडे शब्द टाकतो. आवाज झाला तर मी स्वतः पेटवीन."

चक्की माझ्या वडिलांची. माझ्याबरोबर लग्नात ती आली, आणि तिच्याबरोबर बेल्शियोर आला असं मी त्याला नेहमी ऐकवते. मी माता मरियमची शपथ घेतली, की आवाज होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं दाट, की मी शेळीचं दूध काढत होते ते हाताच्या अंदाजाने. आणि शंख वाजला. माझ्या हातातलं भांडं पडलं.

"अरे मेल्या, काय करतोयस?"

"कितेरियामावशी येणार आहे ना आज दळायला," बेल्शियोर शांतपणे म्हणाला. "डाव्या हाताला कडा आहे. तिच्या गाढवाला एकच डोळा."

"आज लढाई आहे!"

"मग म्हातारीने कड्यावरून पडायचं का?"

त्याने पुन्हा वाजवला. खालून ओ आली. एक नाही, पुष्कळ.

"बघ, आली."

"मावशीला इतकी तोंडं कधी फुटली?"

"असतील गावातले सोबतीला." त्याने तोंडाशी हात धरून हाक दिली, "डावीकडे जाऊ नका! उजवीकडून या, सावकाश!" दुसऱ्या हाताने तो वाटही दाखवत होता, पण धुक्यात ती कोणाला दिसणार होती? पुन्हा शंख. अगदी जवळून एका कोवळ्या आवाजाने हसत काहीतरी उत्तर दिलं. शब्द आमचे नव्हते.

मग धुक्यातून उंच टोप्या निघाल्या.

अनाक्लेतोने आम्हा दोघांना मानगुटीला धरून भिंतीमागे लोटलं, आणि आडवी झालेली सगळी फौज एकदम उभी राहिली. पुढचं मी पाहिलं नाही. कान झाकून बसले होते, तरी ऐकलं सगळं. धुकं विरलं तेव्हा उतारावर फ्रेंच धावत खाली चालले होते, आणि बरेचसे कुठेच चालले नव्हते.

नंतर कळलं ते असं. फ्रेंचांना जायचं होतं शेजारच्या खिंडीतून, जिथे आमची माणसं विरळ होती. धुक्यात त्यांना शंख ऐकू आला. आपलीच पुढची तुकडी बोलावतेय असं समजून ते थेट आमच्या अंगणात आले, तोफांच्या तोंडाशी.

कर्नलसाहेब घोड्यावरून आले. "हा शंखाचा डाव कोणाचा?"

अनाक्लेतोने माझ्याकडे पाहिलं. तो खाकरला. "चक्कीवाल्याचा, साहेब. मोठा बेरकी माणूस आहे."

कर्नलसाहेब मांडी थोपटून हसले. फौज दुसऱ्या दिवशी निघून गेली, वाटेतल्या चक्क्या जाळत गेली. आमची तेवढी राहिली. गावात बेल्शियोरला पुढे दारू फुकट मिळायला लागली. ती त्याने घेतली नाही, तेव्हा मला काळजी वाटली. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "मी त्या पोराला सांगितलं, डावीकडे जाऊ नको. तो ऐकून उजवीकडून आला गं." मी त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं. दुसरं काय करणार होते?

कितेरियामावशी त्या दिवशी घरातून निघालीच नव्हती. लढाईच्या दिवशी कोण दळायला जातं, म्हणाली.

शंख आता खुंटीवर आहे. मी एकदा वाजवून पाहिला, तर मावशी खालून ओरडली, "वर गाय अडलीय का गं?" पण धुकं पडलं की बेल्शियोर अजूनही उठतो. माझ्याआधी उठतो, हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडतंय. तो डोंगर उतरून खाली जातो, हाक मारतो, ओ देणाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन त्याचं तोंड बघतो, आणि मग गाढवाची दोरी धरून कड्याच्या बाजूला स्वतः राहून त्याला वर आणतो.