तीन ठोके

कोल्हारच्या कारभारींच्या घरात ‘नाही’ हा शब्द एकट्या कारभारींच्या मालकीचा होता. बाकीच्यांनी ‘व्हय’ म्हणायचं. बैलसुद्धा मान हलवायचे ती वर-खाली. त्यामुळं धाकट्या गोरक्षनं नगरला जाऊन विमान दुरुस्तीचं शिक्षण घ्यायचं असं कारभारींनी एके सकाळी तोंड धुता धुता जाहीर केलं, तेव्हा गोरक्ष म्हणाला, “व्हय.” त्याला खरं तर मळ्यातल्या इंजिनाचं वेड होतं. पण ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची त्या घरात रीत नव्हती.

कारभारींनी जन्मात विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. थोरला शेती बघतो आहे, तर धाकट्यानं असं काही करावं की एसटी स्टँडवर चार माणसांत सांगताना आपला हात मिशीवर जावा, एवढंच त्यांचं म्हणणं. महिन्याभरात सगळ्या गावात झालं, कारभारीचं पोरगं इमान चालवणार. गोरक्ष सुट्टीला आला की लोक विचारायचे, “काय रं, गावावरनं कवा नेतो इमान?” तो नुसता हसायचा. दुरुस्ती आणि चालवणं यातला फरक सांगायला गेलं तर वडलांचा हात मिशीवरून खाली यायचा, म्हणून तेही राहून गेलं.

ते तंत्रविद्यालय नागापूरच्या बाजूला, माळावर पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये होतं. शेडमध्ये एक खरंखुरं विमान होतं. मोडीत निघालेलं, ट्रकवर घालून आणलेलं. पंख अर्धे कापलेले, इंजिन बाहेर काढून घोडीवर ठेवलेलं. चिमण्यांनी त्यात घरटी केली होती. त्या विमानात उडण्याशी संबंध काय तो त्या चिमण्यांचाच. शिकवायला नृसिंह मुळे सर. वायुदलातून निवृत्त झालेला कडक माणूस. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक नि कारकून. ग्रीस-तेलात हात घालणारे हे पहिलेच. त्याचा त्यांना अभिमान होता आणि थोडी लाजही.

विमानाचा पत्रा जोडतात तो रिव्हेटनं, म्हणजे दोन्हीकडून ठोकून चपटा करायच्या बिनआट्याच्या खिळ्यानं. बाहेरून एक जण हवेच्या गननं रिव्हेटच्या डोक्यावर धडधड मारतो, आणि आतून दुसरा रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. त्या ठोकळ्याला म्हणतात डॉली. दोघं एकमेकांना दिसत नाहीत आणि गनच्या दणक्यात सख्ख्या आईची हाक ऐकू यायची नाही. म्हणून मुळे सरांनी आपल्या शेडपुरती ठोक्यांची भाषा बसवली होती. आतल्यानं डॉलीनं पत्र्यावर एक ठोका दिला, की अजून मार. दोन दिले, की झकास, पुढचा घे. तीन दिले, की बिघडला, काढून टाक.

विमानाच्या शेपटात शिरायला पोटाकडून एक चौकोनी भोक होतं, पाटाएवढं. अगदी टोकाला आणखी एक होतं, त्यातून मांजरानं जावं. पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला आत जायला सांगितलं. सुप्याचा सहादेव, तालमीत घुमलेला गडी, खांद्यालाच अडकला. बाकीचेही कुणी छातीशी, कुणी कमरेशी. गोरक्ष शेवटचा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि बिळात साप जावा तसा आत गेला.

“शाबास!” सर शेडभर ऐकू जाईल असं ओरडले. “अरे, असा मुलगा नशिबानं मिळतो!”

जन्मात गोरक्षला कुणी चारचौघांत शाबास म्हटलं नव्हतं. आत अंधारात बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची दोन वर्षं त्याला त्याच एका शाबासकीची किंमत मोजावी लागली.

कारण त्या दिवसापासून गोरक्षची जागा आत. गन एकच, मुलं वीस-बावीस, आणि डॉली धरायला हा. गन प्रत्येकाच्या हातात फिरली. ह्याच्या हातात येण्याआधी घंटा व्हायची. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापायचा. दणक्यांनी दात हलल्यासारखे व्हायचे. जेवताना घास तोंडापर्यंत नेता नेता हात थरथरायचा. तेवढंही त्यानं चालवून घेतलं असतं. पण एकदा चहाच्या सुट्टीत पोरांनी गंमत म्हणून बाहेरून झाकण लावून घेतलं, स्क्रू पिळले आणि कॅन्टीनला निघून गेली. टोकाच्या भोकालाही तेव्हा टोपण होतं. गोरक्षनं हाका मारल्या, मग लाथा मारल्या, मग नुसता पडून राहिला. पोरं भजी खाऊन परत आली तेव्हा त्यांनी झाकण काढलं आणि ती पोट धरून हसली. गोरक्षही हसला. पण तेव्हापासून आत शिरण्याआधी तो झाकणाचे स्क्रू आपल्या खिशात टाकायचा. तो मनापासून भ्यायला लागला होता, आणि ते सांगायला त्याच्याकडं कुणी नव्हतं.

सरांना सांगायला तो एक-दोनदा गेला. “सर, जरा गन मिळाली असती तर...”

“गन काय रे, कुणीही चालवतो!” सर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. “डॉली धरायला कला लागते. तू माझा हुकमी एक्का आहेस.”

“हो सर,” म्हणून गोरक्ष डॉली घेऊन परत यायचा. कौतुकाच्या दोरीनं बांधलेल्या माणसाला सुटायला जागा नसते. ओढ घेतली तर तोच कृतघ्न ठरतो.

आत मात्र तो वेगळाच माणूस होता. बाहेर ज्याच्या तोंडून कधी नकार निघाला नाही, तो आत बसून बड्या बड्यांना खुशाल तीन ठोके द्यायचा. दांडग्या सहादेवचा रिव्हेट वाकडा बसला, तीन ठोके. सर स्वतः दाखवायला आले आणि त्यांचा हात चुकला, तरी तीन ठोके. तिथं त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं ना! सगळ्या जगात ‘नाही’ म्हणायला त्याला तेवढी एकच जागा होती, आणि नेमकी त्याच जागेची त्याला भीती वाटत होती.

सुटायची एक वाट त्याला सुचली. ती म्हणजे जाड व्हायचं. मेसमध्ये तो दुसऱ्याच्या ताटातली भाकरीही ओढून घेऊ लागला. आई, बनुबाई, पहिल्या वर्षी डिंकाचे लाडू पाठवायची; दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि लाडवांच्या जागी दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आली. तीही त्यानं बोकाणे भरून खाल्ली. पण काही अंगी लागेना. सुट्टीला गेला की बनुबाई त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून म्हणायची, “अरं बाबा, खातो ते जातं तरी कुठं?” कारभारींचा थोरला आता बायकोसकट खडी फोडायला जात होता. मळ्यातलं इंजिन पोत्यानं झाकून ठेवलेलं होतं, कारण विहिरीत उपसायला पाणीच नव्हतं. “तू तरी सुटला ह्यातनं,” थोरला म्हणायचा. गोरक्ष म्हणायचा, “व्हय.”

मग परीक्षा आली. मुंबईहून एक साहेब परीक्षक म्हणून आले. ते विमानं दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात होते. चांगला मुलगा दिसला तर तिथंच उचलणार, असं सर आधीपासून सांगत होते. नियम साधा होता. प्रत्येकानं शेपटाच्या पत्र्यावर स्वतःच्या हातानं गन चालवून रिव्हेटची एक ओळ मारून दाखवायची. गन चालवली नाही तर पास नाही.

सकाळपासून गोरक्ष आत होता. बाहेर एकेक जण पुढं येऊन ओळ मारत होता, हा आतून डॉली धरत होता. सगळ्यांच्या ओळी झाल्या. मग साहेबांनी पुकारलं, “गोरक्ष कारभारी.”

तो बाहेर आला. घामानं निथळत होता. सरांनी गन त्याच्या हातात दिली. गन त्याला वाटली होती त्याहून हलकी निघाली. दोन वर्षं ज्या दणक्याची त्याला दुसरीच बाजू माहीत होती, त्याचा चाप आज त्याच्या बोटाखाली होता. त्याला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

“हं, कर सुरू,” साहेब म्हणाले. “डॉलीवर कोण आहे?”

 दोन वर्षांत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. जो सगळ्यांसाठी आत जातो, त्याच्यासाठी आत कोण जाणार? पोरं आपापल्या पोटाकडं बघू लागली.

“साहेब,” सर घसा खाकरून म्हणाले, “हा मुलगा डॉलीत पारंगत आहे. त्यावरच मार्क दिलेत तर...”

“मग मदतनीस म्हणून दाखला देतो. तंत्रज्ञ म्हणून नाही,” साहेबांनी सांगितलं.

गोरक्षच्या हातातली गन खाली गेली. तेवढ्यात सहादेव पुढं आला. झाकण लावण्याच्या गमतीत स्क्रू पिळणारा हात त्याचाच होता. “मी जातो,” म्हणाला, आणि डॉली घेऊन, श्वास रोखून, डोकं नि हात पुढं घालून भोकात घुसला. खांदे कसेबसे गेले. छाती मात्र गच्च बसली. अर्धा सहादेव आत, अर्धा बाहेर. मग आतून आवाज आला, “सर! सर, मला काढा! श्वास घुसमटतोय!” पोरांनी पाय धरून ओढलं, तर त्याचा सदरा गोळा होऊन तो आणखीच आवळला. तो आता लहान पोरासारखा रडायला लागला होता.

कुणी हसलं नाही. गोरक्षला तर त्या रडण्यातला शब्द न्‌ शब्द ओळखीचा होता. त्यानं गन खाली ठेवली, पोरांना बाजूला केलं आणि पत्र्याला तोंड लावलं.

“सहादेव, ऐक. मी गोरक्ष. वरडू नको, वरडलं की छाती फुगती. श्वास सोड. समद्यात आधी डॉली टेकव पत्र्याला. हाताला काम आसलं की भ्या कमी वाटतं. मी तेच करतो रोज.”

“तुला बी भ्या वाटतं?” आतून आवाज आला.

“लई वाटतं. टेकव डॉली.”

रडणं थांबलं. पत्र्याच्या आतून डॉली टेकल्याचा बारीक आवाज आला. गोरक्षनं गन उचलली आणि पहिला रिव्हेट मारला. हात उडाला. आतून तीन ठोके. पोरांत खसखस पिकली. त्यानं तो काढून टाकला, दुसरा घेतला, गन सरळ धरली. एक ठोका. अजून थोडं. दोन ठोके! तिसऱ्याला दोन. चौथ्याला दोन. सबंध ओळ झाली. साहेबांनी वाकून बोट फिरवलं आणि मान डोलावली. “पास. तंत्रज्ञ.”

गोरक्षला वाटलं, संपलं. सुटलो.

पण सहादेव अजून अडकलेलाच होता. आतून खांदे ढकलल्याशिवाय तो निघणार नव्हता, आणि पोटाचं भोक तर त्यानंच बुजवलेलं. राहिलं टोकाचं, मांजराचं भोक. सगळे गोरक्षकडं बघू लागले. त्यानं गन सरांच्या हातात दिली आणि टोकाकडून आत शिरला. कसा शिरला ते बघायला साहेब मुद्दाम मागं गेले. आत त्यानं सहादेवचा सदरा फाडून सोडवला, त्याच्या हातातली डॉली घेतली, “श्वास सोड,” म्हणाला आणि खांद्याला रेटा दिला. सहादेव धपकन बाहेर पडला.

बाहेर गलका झाला. गोरक्ष आत टेकून बसला. पत्रा पातळ, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“मुळे, हा मुलगा मला द्या,” साहेबांचा आवाज. “आमचे आतले लोक सुटलेत सगळे, पोटं वाढली. शेपटात, टाक्यांत जायला मला अस्साच पोरगा हवा होता. दहा-पंधरा वर्षं तरी कामाला येईल.”

“साहेब, सोनं झालं पोराचं!” सरांनी पत्र्यावर थाप मारली. “गोरक्ष, ऐकलंस का? साहेब मुंबईला नेताहेत तुला! आतल्या कामावर! जातोस ना?”

 गोरक्षला मिशीवर हात ठेवलेले वडील दिसले, खडी फोडणारा थोरला दिसला. बाहेर जाऊन सरांच्या तोंडाकडं बघून उत्तर द्यायचं म्हटलं, तर काय निघणार ते त्याला पक्कं माहीत होतं. अजून आत होतो, तोवरच काय ते. त्यानं डॉली उचलली आणि जन्मातली सगळी हिंमत एकवटून पत्र्यावर ठोके दिले. एक. दोन. तीन.

 त्या शेडमधल्या प्रत्येक पोराला त्याचा अर्थ कळला होता. साहेबांना तेवढा कळला नव्हता.

“काय म्हणतोय?” साहेबांनी विचारलं.

सरांनी पत्र्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, “हो म्हणतोय, साहेब.”

“सर,” सहादेवचा आवाज आला, अजून धापा टाकत होता, “तीन हुते.”

“उत्साहात पडतो रे एखादा जास्त,” सर म्हणाले. “त्याच्या घरी खडी फोडताहेत. मला कळतं त्याचं भलं कशात आहे ते.”

मग टाळ्या झाल्या. पोरं आनंदानं पत्र्यावर तळहातांनी थापा मारू लागली. आपल्यातला पहिला मुंबईला चालला होता. सगळं शेपूट ढोलासारखं वाजायला लागलं. आत गोरक्षनं पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा तीन. पण इतक्या थापांत ते कोण मोजणार?

“ये रे बाहेर!” सरांनी हाक मारली. “साहेबांच्या पाया पड!”

गोरक्षनं डॉली खाली ठेवली. “आलो सर,” म्हणाला आणि भोकाकडं सरकू लागला.